रिकाम्या गाडीचा धक्का

माझ्या डाव्या पायाचा घोटा वाकत नाही. कांद्याच्या लोडवर ताडपत्री बांधत होतो, दोर तुटला आणि मी वरून खाली आलो, एवढीच त्याची गोष्ट. हाड जुळलं, पण घोटा आखडला तो आखडलाच. डॉक्टर म्हणाले, चालाल, शेतात फिराल, बांधावर चढाल, फक्त क्लचचा पाय विसरा. मिसरूड फुटल्यापासून मालाची गाडी चालवत आलेल्या माणसाला ते हे हसत हसत सांगत होते. मला त्यांचा इतका राग आला की मी फीसुद्धा बायकोच्या हातून देवविली.

पुढचे कितीतरी महिने मी थोरल्या भावाच्या पिकअपमध्ये डाव्या सीटवर काढले. महाळुंगे पडवळहून माल भरायचा, कधी नारायणगावला टोमॅटो, कधी मंचरला कांदा, बाजारच्या दिवशी बेल्ह्याला कुणाची गाय नाहीतर बैल. भाऊ चालवायचा आणि मी शेजारी. शेजारच्या माणसाला काय काम असतं? तंबाखू मळून द्यायची, मागं बघून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचं आणि पोचल्यावर उतरायचं. भाऊ मला तेवढंही करू द्यायचा नाही. "तू बस, म्या बघतो," म्हणायचा. माझा उजवा पाय मात्र सगळ्या वाटेनं नसलेला ब्रेक दाबत असायचा.

ऑटोमॅटिक पिकअप मिळाली ती राजुरीत. एका द्राक्षबागायतदारानं ती हौसेनं घेतली होती. पुढं चार माणसांची ऐसपैस केबिन, मागं मालाचा हौदा, आणि क्लच नाही. गिअर आपले आपण पडतात, माणसानं फक्त रेस द्यायची आणि ब्रेक मारायचा. बागायतदाराची हौस फिटली होती आणि माझा एक पाय शाबूत होता, त्यामुळं व्यवहार लवकर जमला. मी तिच्यात बसलो, दांडा पुढं चालवायच्या खुणेवर आणला, ब्रेक सोडला आणि गाडी हलली. बायको शेजारी होती. "अवो, रडताय का काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. राजुरीत त्या दिवशी वारा नव्हता.

आमच्याकडं मालाची गाडी घेतली की पूजेच्या आधी तिचे पाटे वाढवतात. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची थप्पी असते, तिच्यावर गाडीचा सगळा भार बसतो. कंपनीनं दिलेले पाटे म्हणजे पुण्यामुंबईच्या लोकांसाठी, आपल्या मालाला ते पुरायचे नाहीत, अशी आमच्याकडं सगळ्यांची खात्री असते. आजवर कुणी कंपनीच्या पाट्यांवर माल भरून बघितलाय असं मला आठवत नाही. आधीच वाढवल्यावर बघणार कसं? मीही राजुरीहून घरी न येता सरळ जुन्नरला गेलो. तिथं पिढ्यान् पिढ्या पाट्यांचंच काम करणारं एक मुस्लिम घराणं आहे. त्यांच्याकडं दोन्ही बाजूंना जाडजूड पाटा वाढवून घेतला. गाडीचा मागचा भाग असा ताठ उचलला गेला की बघत राहावं. मी चारी बाजूंनी फिरून तिचा फोटो काढला आणि भावाला पाठवला. मग नारळ फोडला.

गावात दोन दिवस नुसती जत्रा. जो येईल तो आधी वाकून पायाखाली बघायचा आणि क्लच कुठंय म्हणून विचारायचा. न्हाईच, म्हटलं की पुन्हा वाकायचा. एकानं तर कंपनीवाला बसवायला विसरला असंल, असं मत दिलं. मी सगळ्यांना एकेक चक्कर मारून आणली. मला काय, तेवढंच निमित्त हवं होतं.

धक्का कधीपासून बसायला लागला हे मला नेमकं सांगता येणार नाही. पहिल्यांदा वाटलं, हिची चालच अशी असेल. मी जन्मभर हातानं गिअर टाकलेले, आपोआप पडणारा गिअर कसा पडतो हे मला कुठं ठाऊक? पण मग तो वाढला. उभ्या गाडीत दांडा पुढं घेतला की खालून ‘धाड’. गाडी निघाली आणि पहिल्याचा दुसरा झाला की पुन्हा धाड. आणि सर्वांत वाईट म्हणजे थांबताना. गाडी जवळजवळ उभी राहायची आणि मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी पुढं ढकलली जायची. बायकोच्या हातातला डबा एकदा पुढच्या काचेवर आपटला, भाजी सगळ्या काचेवर. त्या दिवसापासून ती डबा मांडीत न धरता पायाशी ठेवायला लागली. ते ठेवणं मला बोलल्यासारखंच वाटलं.

असल्या गाडीत जनावर कसं चढवायचं? थांबताना धक्का बसला तर गाय गुडघ्यावर येईल, शिंग मोडेल. लोक आपल्या भरवशावर जनावर देतात. टोमॅटोचे क्रेट भरले तर वरचे खाली येतील. मी ठरवलं, धक्का जाईपर्यंत हिच्यात माल भरायचा नाही. माल भावाच्या गाडीत, आणि मी माझ्या रिकाम्या गाडीतून गॅरेजच्या फेऱ्या मारतोय असं सुरू झालं.

गॅरेज जुन्नरलाच. आमचे मेस्तरी आणि मी जवळजवळ एका वयाचे. त्यांचे वडील माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर बघायचे. ईदला आमच्याकडं शिरखुर्मा येतो आणि दिवाळीला त्यांच्याकडं आमच्या चकल्या जातात, त्या बायकोच्या हातच्या असल्यामुळं जरा कडक असतात, पण ते दरवर्षी चांगल्या झाल्यात म्हणून सांगतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांच्याकडं फारसे येत नाहीत. त्यांनी ते लपवलं नाही. "भाऊ, हिची मला सवय न्हाई. पर आपुन दोगं मिळून बघू," म्हणाले. ते ‘दोगं’ मला बरं वाटलं.

गॅरेजला जाताना गाडी रिकामी करून न्यायची, ही आमच्याकडची रीत. मेस्तरी गाडीखाली झोपणार, त्याच्या छातीवर आपला माल टांगायचा नाही. हौदा झाडायचा, शेण धुवायचं, सीटखालच्या बाटल्या काढायच्या. पाव्हण्यांकडं जाताना आंघोळ करावी तसंच ते. मी प्रत्येक वेळी गाडी धुवून, झाडून, रिकामी करून नेली. मेस्तरी एकदा म्हणालेसुद्धा, "तुमची गाडी आली की मला गॅरेज झाडावंसं वाटतं."

पहिल्या खेपेला गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं. एक थेंब पांढऱ्या कागदावर घेतला. जळकं ऑइल काळं पडतं आणि वास मारतं म्हणे. आमचं होतं लालसर, जरा मळलेलं, वास नाही. तरी बदललं. गाडी बाहेर काढली, गल्लीच्या तोंडाशी थांबवली. धाड. दुसऱ्या खेपेला गिअरबॉक्स ज्या रबरावर बसतो ते रबर बघितलं. ते फाटलं की गिअरबॉक्स जागचा हलतो आणि धक्का मारतो. पहारीनं उचलून बघितलं, रबर शाबूत. इंजिन उभ्या जागी जास्त रेस घेतं का बघितलं, घेत नव्हतं. बॅटरीच्या वायरी घासल्या, आवळल्या. तिसऱ्या खेपेला नारायणगावहून एक जण मशीन घेऊन आला, गाडीच्या पोटात वायर घालून तिला काय दुखतंय ते विचारलं. गाडीनं सांगितलं, काही दुखत नाही. बाहेर काढली, धाड.

एव्हाना सल्ले देणारे वाढले होते. कुणी म्हणे रिकाम्या रस्त्यावर जोरात पळवून आण, मोकळी होईल. कुणी म्हणे लिंबू बांध. एका पाहुण्यानं मोबाईलवर परदेशातल्या माणसाचा व्हिडिओ दाखवला, त्यात तो माणूस गाडीखाली झोपून अर्धा तास बोलत होता आणि शेवटी गाडी विकत होता. मी तापट माणूस आहे, हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक येऊन सांगायचे. त्यातल्या दोघांशी माझं अजून बोलणं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

मग मेस्तरींनी पुण्याकडच्या एका गिअरबॉक्सवाल्याला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, मी ऐकत होतो. तो म्हणाला, बाकी सगळं बघून झालं असेल तर गिअरबॉक्स खोलावा लागेल, आतला भाग गेला असणार, आणि खोलला की काय निघेल ते सांगता येत नाही. फोन ठेवल्यावर मेस्तरी बराच वेळ हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "खोलाय माझं मन हुईना," ते म्हणाले. "खोलला आन् चूक दुसरीकडंच निघाली, तर जोडताना काय हुईल सांगता येत न्हाई."

खोलायचा म्हणजे एवढा खर्च की त्यापेक्षा गाडी विकलेली बरी. भावानं माझ्या आधीच हा विचार केला होता. संगमनेरकडचं एक गिऱ्हाईक त्यानं बघून ठेवलं. घरी आला, माझ्याजवळ बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "गुरुवारी येतोय त्यो बघायला. तुज्या जिवाला घोर नगो. माजी गाडी हाये की. आपुन दोगं जाऊ, आत्ता जातो तसं."

आत्ता जातो तसं. म्हणजे मी डावीकडं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, माझ्यासाठी तो किती पळाला हे मला माहीत आहे. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ही गाडी गेली की दुसरी बिनक्लचची गाडी मला परवडणारी नव्हती. पुढचं सगळं आयुष्य मी शेजारी बसून काढणार होतो. मी बायकोला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "गुरुवार हाय अजून." आणि माझ्या ताटातली भाकरी उचलून दुरडीत ठेवली.

सोमवारी बेल्ह्याचा बाजार. बायकोला दुधाची गाय घ्यायची होती. आमच्या घरात गाय निवडायचं काम तिचं, मी फक्त दावं धरतो. गाय आणायला भावाची गाडी, असं ठरलं होतं. भाऊ आधी निघाला आणि आम्ही मागून आमच्या रिकाम्या गाडीतून गेलो, प्रत्येक स्पीडब्रेकरला धाड खात. बाजारात टेम्पो, मोटारसायकली, माणसं, धूळ, सगळं नेहमीचं. बायकोनं तासभर फिरून एक काळीपांढरी गाय निवडली. दात बघितले, कास चाचपली, दोन पावलं चालवून बघितली. गाय दांडगी, पहिलटकरीण असून अंगानं भरलेली. ती घेऊन भावाकडं गेलो तर त्याच्या गाडीत आधीच दोन बैल उभे. व्यापारी घाईत होता, भावाला नाही म्हणता आलं नाही. "म्या यांना सोडून परत येतो," तो म्हणाला.

"किती वाजत्याल?" बायकोनं विचारलं.

"चार-पाच."

"मंग गाय घरी न्यायला अंधार. उसातनं वाट हाय, बिबट्या फिरतोय. न्हाई जमायचं." ती माझ्याकडं वळली. "आपल्या गाडीत घाला."

मी म्हटलं, "येडी का काय तू? गाय पडंल."

"मी उभी राहते तिच्याजवळ."

"मंग दोघी पडाल."

आमचं तिथंच वाजलं. बाजारातली माणसं गाईंचे सौदे सोडून आमच्याकडं बघायला लागली. ती काही हटेना. शेवटी तोडगा तिनंच काढला. गाय हौद्यात पुढच्या बाजूला, केबिनला लागून. तिच्या मागं आणि दोन्ही बाजूंना सरकी पेंडीची पोती. गाईला हलायला जागाच नाही. पेंड नाहीतरी घ्यायचीच होती, तिनं जरा जास्त घेतली. चारी बाजूंनी दावी बांधली. बायको केबिनमध्ये मागच्या सीटवर उलटी बसली, काचेतून गाईकडं तोंड करून. मी देवाचं नाव घेतलं आणि दांडा पुढं केला.

आवाज आला नाही.

मला वाटलं बाजाराच्या गोंगाटात ऐकू आला नसेल. गाडी निघाली. पहिल्याचा दुसरा कधी झाला ते समजलंच नाही. राजुरीत रस्त्यावर मेंढरं आडवी आली, थांबलो. मी अंग आखडून लाथेची वाट बघत राहिलो. लाथ नाही. आळेफाट्याला तर सिग्नल, गर्दी, पुढं-मागं, थांब-चल, पण एकदाही धक्का नाही. मी आरशातून बायकोकडं बघितलं.

"गाय कशीय?"

"रवंथ करतीय."

"आगं, धक्का बसंना."

"मंग चांगलंय की."

"चांगलं काय? का बसंना?"

"अवो, बसत व्हता तवा बी तुमी वैतागलेला, आता बसंना तर त्याचं बी तोंड वाकडं!" ती म्हणाली. पण गाडी अचानक बरी होत नसते. माणूस एखाद्या वेळी होतो, गाडी नाही. नारायणगाव आलं, कळंब आलं, घर आलं, आणि मी सगळ्या वाटेनं रस्त्यापेक्षा गाडीच्या तळाकडंच कान लावून होतो.

गाय उतरवली, बायकोनं तिला ओवाळलं, पायावर पाणी घातलं, गोठ्यात नेलं. उजेड होता अजून. मी गाडी मागं घेतली. दांडा फिरवताना बारीकसा ‘ठक्’. मी खाली उतरून गाडीकडं बघत राहिलो. मग पोती उतरवली. पायामुळं एकेक पोतं ओढत न्यावं लागलं, पण कुणाला हाक मारायचा धीर नव्हता. सगळी पोती उतरवून पुन्हा बसलो, दांडा पुढं केला. धाड. पहिल्यासारखीच, जोरात.

वाटलं, गाडी पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलली. मी ओरडलोच. बायको गोठ्यातून पळत आली, तिला वाटलं पाय अडकला. मी म्हटलं, पोती परत चढवायला लाग. तिनं पदर खोचला. दोघांनी पोती चढवली, ठक्. निम्मी उतरवली, जरा मोठा ठक्. सगळी उतरवली, धाड. समोरच्या ओट्यावर आळीतली माणसं जमली होती. पेंड विकत घेऊन नवराबायको ती गाडीत घालतात आणि काढतात, हे त्यांनी घरी जाऊन कसं सांगितलं असेल देव जाणे. ज्या दोघांशी मी बोलत नाही तेही होते.

मेस्तरींना फोन लावला. "मेस्तरी, भरली की धक्का न्हाई. रिकामी केली की हाय."

मागं कुणीतरी हातोडी मारत होतं, त्याला त्यांनी थांबवलं. मग ते सावकाश म्हणाले, "गिअरबॉक्सला काय कळतं हो, वर गाय हाय का न्हाई ते? भाऊ, पाटं वाढवल्यात का?"

"वाढवल्यात की. घेतली त्याच दिशी."

"कुणाकडं?"

"तुमच्याच चुलत भावाकडं."

ते इतके मोठ्यानं हसले की फोन कानापासून दूर धरावा लागला. "उद्या या," म्हणाले. "आन् भरून या. पयल्यांदाच सांगतोय कुणाला."

मंगळवारी आम्ही भरलेली गाडी घेऊन जुन्नरला गेलो. पोती भरलेली असतानाच मेस्तरी गाडीखाली शिरले, मी शेजारी आडवा झालो. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब फिरता दांडा जातो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्यांनी बॅटरी मारून दाखवला. भरलेल्या गाडीत तो जवळजवळ सरळ होता. मग पोती उतरवली. गाडीचा मागचा भाग वर गेला, आणि तो शाफ्ट सांध्यातून मोडल्यासारखा तिरका झाला. ज्या ताठपणाचा मी इतक्या कौतुकानं फोटो काढला होता तोच नडत होता. मेस्तरी म्हणाले, गिअरबॉक्स बिचारा आपलं काम नीट करतोय, गिअर अलगद टाकतोय, पण पुढचा शाफ्ट वाकडा, त्याच्या सांध्यातलं ग्रीस सुकलेलं, तिथं जोर अडकतो आणि एकदम सुटतो. तोच धक्का. आम्ही प्रत्येक वेळी गाडी रिकामी करून बघितली आणि रिकाम्या गाडीतच तो दोष होता. माल भरूनच कुणी आलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"रीत चांगली हाय आपली," मेस्तरी म्हणाले, "पर ह्या गाडीला लागू न्हाई."

मग खरं भांडण पाट्यांच्या दुकानात. मेस्तरींचे चुलतभाऊ, वयानं मोठे, दाढी पांढरी, म्हणून मेस्तरींसकट सगळे त्यांना चाचाच म्हणतात. वाढवलेला पाटा काढायचा म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पाटं घालाय लोकं हात जोडत्यात," ते म्हणाले. "काढाय आलेलं पयलं गिऱ्हाईक तुमी. काम वाईट झालं का?"

"काम लई चांगलं झालं, चाचा. त्येच नडलं," मेस्तरी म्हणाले.

चाचा उठून गाडीखाली गेले, स्वतः शाफ्ट हलवून बघितला, बाहेर आले. मग म्हणाले, "आमी गाडी वरनं बघतो. ही खालनं बघायची हाय." आणि स्वतः पाना हातात घेतला. पाटे काढले, बोल्ट नवे घातले. मेस्तरींनी शाफ्टचे सांधे मोकळे करून ग्रीस भरलं. काढलेले पाटे चाचांनी मला दिले. मी ते काय करू, म्हणून विचारलं तर म्हणाले, गोठ्याच्या दाराला उंबरठा करा, गाय घसरणार नाही.

मी रिकाम्या गाडीत बसलो. शेजारी मेस्तरी, मागं बायको. तिघांनीही नकळत काहीतरी धरलं होतं. दांडा पुढं केला. काही नाही. दुकानापुढून निघालो, गल्लीच्या तोंडाशी थांबलो, पुन्हा निघालो. शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. बायकोनं पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मेस्तरी खिडकीतून बाहेर बघत गाणं गुणगुणत होते. मी इतका खूश होतो की परत एकदा गावाला वळसा घालू म्हटलं, आणि दोघांपैकी कुणी नाही म्हटलं नाही.

संगमनेरच्या माणसाला भावानं फोन करून नको म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं तो खूप बोलेल, आनंद करेल. त्यानं फक्त विचारलं, "सकाळच्याला टमाटं हाय नारायणगावला. दोन गाड्या लागतील. येतूस?" मी हो म्हटलं.

सकाळी दोन्ही गाड्यांत क्रेट चढले. मार्केटला पोचलो, माल उतरवला, भावानं चहा पाजला. येताना दोघेही रिकामे. भाऊ पुढं, मी मागं. कळंबच्या अलीकडं मोकळा सरळ रस्ता लागला. भाऊ आपल्या सवयीनं सावकाश चालला होता. त्याच्या खिडकीतून उजवा हात बाहेर आला आणि पुढं जा म्हणून हलला. रस्त्यावर हजारदा बघितलेला हात, एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला केलेला.

मी उजवा पाय जरा दाबला. गाडीनं गिअर घेतला असणार, मला तो जाणवला नाही. भावाची गाडी डावीकडून मागं गेली. मी तसाच पुढं सुटलो, जरा जास्तच सुटलो. थोड्या वेळानं फोन वाजला, स्पीकरवर टाकला.

"आरं ए भडव्या," भाऊ ओरडत होता, "पुढं जा म्हनलं म्हंजे इमान उडव म्हनलं का रं? हळू घे की! घाई कसली हाय तुला? कवा सुदारनार हायस तू?"

मी लोडवरून पडलो त्या दिवसापासून माझा भाऊ माझ्याशी एकदाही चढ्या आवाजात बोलला नव्हता. इतके महिने नुसता मऊ, आजाऱ्याशी बोलावं तसा. मी फोन बंद केला नाही. तो घरापर्यंत मला शिव्या देत होता, आणि मी घरापर्यंत त्या ऐकत गाडी चालवत होतो.